बाणाचे टोक आणि लग्नाचा चौक

प्रश्न छोटा वाटेल. जव्हारजवळच्या शिरपामाळावर उद्या निसर्ग उद्यान करायचे ठरले, तर त्याचे बोधचिन्ह काय असावे? उत्तर लगेच येते: वारली नाच काढा, तारपा काढा. का? तर 'ते इथलं आहे' म्हणून. या 'इथलं'वर मला थोडं बोलायचं आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे चिन्ह १९५१ चे. दगडी बाणाच्या टोकाचा आकार, त्यात सिकोया वृक्ष, बायसन, डोंगर आणि पाणी. दुरून ओळखू येते, रेखीव आहे. पण योसेमिटीच्या खोऱ्यात ज्यांचे पूर्वज असे बाण घडवीत, त्यांची तिथली शेवटची वस्तीही विसाव्या शतकात हटवली गेली. टोक पाटीवर राहिले, माणसे गेली.

चार्ल्स पर्स या तत्त्वज्ञाने इथे उपयोगी पडेल असा भेद केला आहे. धूर दिसला की कुठेतरी आग असतेच. तसबीर मात्र माणूस गेल्यावरही भिंतीवर राहते. दोन्ही चिन्हेच, पण एक आपल्या वस्तूशी बांधलेले, दुसरे नुसते तिच्यासारखे दिसणारे.

आता चौक बघा. वारल्यांच्या लग्नघरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती झाडे, प्राणी. लग्न आहे म्हणून चौक आहे. म्हणजे तो धूर आहे. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रे कागदावर नेली, तेव्हाही हात वारल्याचाच होता. संगणकावर एकदा काढून हजार पाट्यांवर छापलेला तारपा ही तसबीर झाली. शिवाय जव्हार-मोखाड्यात कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरीही राहतात. बोहाड्याचे मुखवटे कुठे गेले?

शिरपामाळाचे नावच काय सांगते? १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर विक्रमशाह राजांनी शिवाजी महाराजांना इथे मानाचा शिरपेच दिला, असे सांगतात. शिरपेच हेही चिन्हच. पण एकाने दिला, दुसऱ्याने स्वीकारला, म्हणून त्याला अर्थ आला.

मग करावे काय? मासिमो विन्येली यांनी १९७७ मध्ये त्याच अमेरिकन सेवेच्या पत्रकांसाठी साधी चौकट आखली: वर काळी पट्टी, पांढऱ्या अक्षरांत उद्यानाचे नाव, खालची जागा त्या त्या उद्यानाची. हे घेण्यासारखे आहे. पाटीवर ठसठशीत देवनागरीत 'शिरपामाळ' लिहा. ते कायम. खालचे चित्र दरवर्षी वेगळ्या पाड्याने काढावे. काढणाऱ्याचे नाव आणि मोबदला दोन्ही द्यावे.

आणि एक कसोटी लावा. ज्या बाईने ते चित्र काढले, तिला कुंपणाच्या आत मोहाची फुले वेचता येतात का? वन हक्क कायदा २००६ चा आहे. गौण वनोपजावरचा हक्क त्यात लिहिलेला आहे. ती आत जाऊ शकत असेल, तर चिन्ह खरे. नसेल, तर ते कितीही सुबक असो, आपण आणखी एक बाणाचे टोक पाटीवर लावले, एवढेच.