‘चालते’ कोणी म्हणायचे? नव्या लॅपटॉपमधला किरकोळ दोष

पत्रिकेवरचा विषय वाचून काहींना हसू आले असेल. तत्त्वज्ञानाच्या माणसाने आत्म्यावर बोलावे, मोक्षावर बोलावे. हे लॅपटॉपचे काय काढले? पण आम्हाला हा विषय लहान वाटत नाही. नवी वस्तू घरी आली, उघडली, आणि तीत एक बारीकसा दोष निघाला. पडद्यावर एक ठिपका कायम पांढरा, झाकणावर ओरखडा, किंवा बिजागरी उघडताना कुरकुरते. वस्तू चालू आहे. मग ती वापस करायची की ठेवायची? या प्रश्नावर आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक वऱ्हाडी मत : ‘जाऊ द्या ना जी, चालते.’ दुसरे नव्या पिढीचे : ‘पूर्ण पैसे दिले ना, मग वापस करा, हक्क आहे आपला.’ आज आम्ही या दोन्ही मतांची परीक्षा करणार आहोत, आणि कायद्याचीही.

आधी वस्तूची किंमत आपल्या मापाने मोजू. कॉलेजच्या मुलीसाठी ४५ हजारांचा लॅपटॉप घेतला असे समजा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. म्हणजे हा लॅपटॉप जवळपास साडेआठ क्विंटल सोयाबीनचा झाला, तोही हमीभाव हाती पडला तर. ज्या घरातून साडेआठ क्विंटल गेले, त्या घराला ‘एवढ्याशा ठिपक्यासाठी काय भांडता’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरले पाहिजे.

‘किरकोळ’ हा शब्दच मुळात तपासायला हवा. तो वस्तूचा गुण सांगतो असे वाटते. पण तो सांगतो बोलणाऱ्याची जागा. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजार समितीत शेतकरी माल घेऊन उभा राहतो तेव्हा दोष किरकोळ आहे की नाही, हे कोण ठरवते? घेणारा. सीसीआयच्या केंद्रावर कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत भाव कमी, आणि १२ च्या पुढे कापूस घेतच नाहीत. सोयाबीनलाही १२ टक्क्यांची अट. २०२४ च्या हंगामात फारच ओरड झाली तेव्हा ती १५ पर्यंत सैल केली. तेरा टक्के ओलावा निघाला तर तिथे कोणी ‘चालते ना बापा, एका टक्क्याने काय होते’ असे म्हणत नाही. माल गाडीत भरून वापस. आता तोच शेतकरी संध्याकाळी शहरात ग्राहक म्हणून दुकानात उभा आहे. इथे दोष किरकोळ आहे हे कोण ठरवतो? विकणारा. म्हणजे माल विकताना घेणाऱ्याचे माप आणि माल घेताना विकणाऱ्याचे माप, आणि दोन्ही वेळा मापाबाहेर उभा आहे तो आपलाच माणूस. आमचा पहिला आक्षेप ‘चालते’ या मतावर हा आहे. ते मत उदार दिसते, पण त्यात उदारपणा नेहमी एकाच बाजूने मागितला जातो.

दुसरा आक्षेप कायद्याच्या अंगाने. आपल्याला वाटते, आपण गप्प राहिलो म्हणजे काही बोललो नाही. १९३० चा मालविक्री अधिनियम तसे मानत नाही. त्याच्या कलम ४१ प्रमाणे तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने माल स्वीकारला असे होत नाही. पण कलम ४२ म्हणते, की वाजवी मुदत उलटली आणि ग्राहकाने ‘मला हा माल नको’ असे कळवले नाही, तर त्याने तो स्वीकारला असे धरायचे. म्हणजे तुमचे मौन हे कायद्याच्या भाषेत होकार आहे. ‘पाहू पुढे, त्रास झाला तर सांगू’ असे म्हणणारा माणूस निर्णय पुढे ढकलतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात निर्णय होऊन गेलेला असतो.

आता दुसऱ्या मताकडे वळू. ‘दोष म्हणजे दोष, वापस करा.’ हे मत ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेते. १९८६ चा जुना कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो २०२० च्या जुलैत लागू झाला. त्यात दोषाची व्याख्या आहे. आयुष्यभर वर्गात लक्षणाचे तीन दोष शिकवले, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. तेव्हा व्याख्या दिसली की ती घासून पाहायची सवय आहे. ही व्याख्या थोडक्यात अशी : गुणवत्ता, प्रमाण, शुद्धता, दर्जा यांतली कोणतीही उणीव म्हणजे दोष, मात्र तो दर्जा कायद्याने, कराराने, उघड किंवा गर्भित, अथवा विक्रेत्याने केलेल्या दाव्याने पाळायला हवा असा असला पाहिजे.

व्याख्येचे पूर्वार्ध ‘कोणतीही उणीव’ म्हणते. एवढेच असते तर अतिव्याप्ती झाली असती, कारण निर्दोष वस्तू या जगात नाही. उत्तरार्ध तिला आवर घालतो : ज्याचे वचन दिले होते, त्यातली उणीव. हे ठीक झाले. पण मग वचन कोण लिहितो? वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘अमुक इतके ठिपके खराब असल्यास तो दोष समजला जाणार नाही’ असे लिहिले की वचनच आखूड झाले, आणि दोष व्याख्येतून बाहेर पडला. इथे अव्याप्ती येते. ज्याला सामान्य माणूस डोळ्यांनी दोष म्हणतो, तो लक्षणात बसत नाही.

पडद्याचेच उदाहरण घ्या. साधा फुल एचडी पडदा आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके. म्हणजे ६२ लाखांहून अधिक. इतक्यांतला एकही बिघडू नये ही अपेक्षा कारखान्याला महागात पडते हे खरे आहे. म्हणून २००१ मध्ये आयएसओचे एक मानक आले. त्याच्या दुसऱ्या श्रेणीत दर दहा लाख ठिपक्यांमागे २ कायम उजळ, २ कायम काळे आणि ५ उपठिपके बिघडलेले चालत. पुढे त्या मानकाची जागा दुसऱ्या मानकमालेने घेतली, पण इतके चालते, त्यापुढे नाही, ही विचाराची पद्धत तीच राहिली. म्हणजे पाहा, ‘चालते’ हा शब्द तिथेही आहे! फरक एवढाच की तिथे तो मोजून म्हटलेला आहे, आणि मोजताना आपण हजर नव्हतो.

अशी अट अन्याय्य आहे असे ग्राहकाला वाटले तर? २०१९ च्या कायद्यात अन्याय्य करार ही कल्पना नव्याने आली, आणि तिचे आम्ही स्वागत करतो. पण अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगात न्यावी लागते. सदोष मालाची तक्रार मात्र अमरावतीच्या माणसाला अमरावतीत, अकोल्याच्या माणसाला अकोल्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला शुल्कही नाही. म्हणजे वस्तूतला दोष गावाजवळ आणि कागदातला दोष दूर. ४५ हजारांच्या लॅपटॉपसाठी कोण जाणार? कायद्याची ही बाजू आम्हाला कच्ची वाटते.

तरीही ‘प्रत्येक दोषाला वापस’ हे मत आम्ही मान्य करत नाही. त्याचे पहिले कारण सरळ आहे. वापस केलेली वस्तू नाहीशी होत नाही. ती उघडलेल्या खोक्यातली वस्तू म्हणून कमी भावात दुसऱ्याकडे जाते, नाहीतर भंगाराच्या वाटेला लागते. लॅपटॉप वापरताना जितकी वीज लागते, त्याहून तो बनवतानाचा भार बहुतेक वेळा मोठा असतो. दुसरे कारण नीतीचे आहे. आठ दिवसांत भाव उतरला, किंवा मित्राने दुसरे मॉडेल दाखवले, आणि मग झाकणावरचा ओरखडा आठवला. हे दोषाचे निमित्त झाले. इथे हक्काची भाषा वापरून माणूस खोटे बोलतो, आणि अशा दहा खोट्यांमुळे अकराव्या खऱ्या ग्राहकाकडे दुकानदार संशयाने पाहतो.

मग भेद कुठे करायचा? आपल्या मीमांसकांनी हा प्रश्न यज्ञाच्या संदर्भात फार बारकाईने विचारला होता. कर्माचे एखादे अंग उणे राहिले तर कर्म झाले की नाही? जैमिनीच्या सहाव्या अध्यायात त्याचे उत्तर दोन भागांत येते. अग्निहोत्रासारखे नित्य कर्म असेल तर अंगे यथाशक्ती पुरेशी, एखादे राहिले तरी कर्म होते. पण काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, सर्व अंगांसहच झाले पाहिजे. आम्हाला या भेदात शहाणपण दिसते. दोष लहान की मोठा हे वस्तूकडे पाहून ठरत नाही, ती कशासाठी घेतली हे पाहून ठरते. ज्याला पत्रे टंकायची आहेत, हिशेब ठेवायचा आहे, त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यातला एक काळा ठिपका यथाशक्तीत बसतो. फोटो सुधारण्याचे काम करणाऱ्या मुलाने चांगला पडदा हे फळ मनात धरूनच पैसे मोजले आहेत. त्याच्या पडद्याच्या मध्यावर तोच ठिपका असेल तर त्याचे कर्म फसले.

मालविक्री कायद्यातही असाच भेद आहे. कलम १२ मध्ये कराराच्या मुख्य हेतूशी बांधलेली ती शर्त, आणि हेतूला जोडून आलेली ती हमी. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी मोडली तर माल नाकारता येत नाही, भरपाई मागता येते. आणि इथेच आम्हाला आजची मुख्य गोष्ट सांगायची आहे. कलम ५९ प्रमाणे हमी मोडली असेल तर ग्राहक ती किमतीत वळती करून मागू शकतो. याला आपल्या बाजारात काय म्हणतात? कटती! कापूस ओला निघाला की कटती, धान्यात माती निघाली की कटती. विकणारा म्हणून वऱ्हाडच्या माणसाने पिढ्यान् पिढ्या कटती सोसली, कधी रास्त, कधी अन्यायाची. पण घेणारा म्हणून त्याने कटती मागितल्याचे आम्ही क्वचितच ऐकले. ‘ठेवा किंवा वापस करा’ हे दोनच पर्याय आपल्यासमोर ठेवले जातात आणि आपणही ते दोनच धरून बसतो. झाकणावर ओरखडा आहे, यंत्र उत्तम आहे. मग वापस कायले करता? भाव कमी करून मागा. वस्तू वाया जात नाही, दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत नाही, आणि दोषाची किंमत ज्याची त्याच्याकडे जाते.

एक प्रकार मात्र कटतीत बसत नाही, तो म्हणजे वाढणारा दोष. ओरखडा उद्याही तेवढाच राहील. कुरकुरणारी बिजागरी, फुगलेली बॅटरी, हलणारी चार्जरची पिन, मधूनच बंद पडणारा पंखा, हे आज किरकोळ दिसले तरी पुढे वाढणारे आहेत. रोगाच्या बाबतीत आपण लक्षण आणि रोग यांत फरक करतो ना? इथेही तोच करावा. असा लॅपटॉप पहिल्याच आठवड्यात वापस करावा, आणि संकोच करू नये. विक्रेता ‘आमच्याकडे विकलेला माल परत घेत नाहीत’ अशी पाटी दाखवील. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ऑनलाइन विक्रेत्यांनाही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष माल नाकारता येत नाही.

हे सगळे करायचे तर एक शिस्त हवी. खोके उघडतानाच दिवसाच्या उजेडात वस्तू पाहावी, पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून पाहावा, दोष दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवावे, मग वस्तू ठेवायची असो की नसो. कळवणे आणि वापस करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कळवून ठेवलेल्या दोषाबद्दल पुढे दोन वर्षांपर्यंत जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि त्याआधी १९१५ या क्रमांकावर साधा फोनही करता येतो.

वेळ झाली. एक चिठ्ठी आली आहे, तेवढे उत्तर देऊन थांबतो. अकोल्याहून आलेल्या श्रोत्यांनी विचारले आहे : ‘सर, दुकानदार ओळखीचा असतो. त्याच्याकडे भाव कमी करून मागायला लाज वाटते. काय करावे?’ लाज वाटते हे खरे, आणि ती वाटण्यात काही वाईट नाही. पण ओळखीच्या माणसाला दोष सांगितला नाही तर तो आपण घरी सांगतो, शेजारी सांगतो, चहाच्या टपरीवर सांगतो. त्याला सोडून सगळ्यांना सांगतो. त्यापेक्षा त्याच्या दुकानात जाऊन, बसून, चहा घेऊन सांगावे, की भाऊ, यंत्र चांगले आहे, ठेवतो, पण ओरखड्याचे पाचशे कमी कर. तो नाही म्हणेल कदाचित. तरी त्याला एक गोष्ट कळेल, की किरकोळ काय आणि काय नाही, हे यापुढे तो एकटा ठरवणार नाही.