नऊ दरवाजांचं धरण

फोटोत माणसाचे डोळे मिटलेले आले तर आपण फ्लॅशला दोष देतो, पोट आलं तर फोटोग्राफरला, आणि दोन्ही जसंच्या तसं आलं तर फोटो कपाटात ठेवून देतो. इमारतीला ही सोय नाही. ती जशी आली तशी भिंतीवर टांगली जाते आणि तिच्या वतीने तक्रार करायला कुणी पुढे येत नाही. म्हणून हे वकीलपत्र मी घेतलं आहे.

खटला आहे येलदरी धरणाच्या पाच फुटी पॅनोरमाचा. तो आमच्या शाखेत मॅनेजरसाहेबांच्या खुर्चीमागे लागला आहे. काढणारे आमचेच एक सहकारी. कर्जविभागात बसतात, त्यामुळे लांबत जाणाऱ्या गोष्टींची त्यांना सवय आहे. येलदरी म्हणजे परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यातलं, पूर्णा नदीवरचं धरण. १९६८ साली पुरं झालं. लांबी चार किलोमीटरहून जास्त. साध्या फोटोत मातीची भिंत घ्यावी तर दरवाजे मुंगीएवढे होतात, आणि दरवाजे घ्यावेत तर भिंत बाहेर राहते. तेव्हा मित्रांनी सांडव्याच्या खालच्या अंगाला उभं राहून सात फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकाला एक जोडले.

आधी जमेची बाजू सांगतो. सकाळचं कोवळं ऊन आहे आणि सातही तुकड्यांत ते एकसारखं आहे. हे वाटतं तितकं सोपं नाही. कॅमेरा स्वतःच्या मर्जीवर सोडला की तो प्रत्येक तुकड्याला वेगळा न्याय देतो. इथे आकाश निळं, शेजारी पांढरं, आणि जोडल्यावर गोधडी. मित्रांनी उजेड, फोकस, रंग, सगळं पहिल्या फोटोलाच कुलूपबंद केलं. शाब्बास!

आता नावेची बाजू. येलदरीला दरवाजे दहा. फोटोत नऊ.

मी कॅशला बसतो. एकसारख्या वस्तू ओळीने समोर आल्या की मोजल्याशिवाय माझा अंगठा स्वस्थ बसत नाही. तीनदा मोजले. नऊच.

असं का होतं, ते कॉमर्सवाल्याला चटकन कळावं. शेजारशेजारच्या दोन फोटोंत साधारण तिसरा हिस्सा सामाईक ठेवायचा असतो. म्हणजे आपली दुहेरी नोंदच. याच्या उजव्या टोकाला जे आहे, ते त्याच्या डाव्या टोकाला सापडलं पाहिजे. प्रोग्रॅम दोन्हीकडचे कोपरे, कडा, डाग हुडकतो आणि टॅली करतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ब्राऊन आणि लो या दोघांनी २००३ साली असा प्रोग्रॅम दाखवला, की फोटोंचा सरमिसळ ढीग पुढे टाकला तरी कोण कुणाचा शेजारी हे त्याचं तो ओळखे. डोंगर असेल तर काम फत्ते, कारण एक डोंगर दुसऱ्यासारखा नसतो. इमारत मात्र त्याला चकवते. इंजिनिअरने दहाही दरवाजे मुद्दाम जुळ्या भावांसारखे केलेले. यंत्राने सहाव्याला सातवा समजून त्याच्यावर बसवलं, आणि हिशेब जुळला! बँकेत हे फार जुनं दुखणं आहे. दोन चुका एकमेकींना पाठीशी घालतात आणि ताळेबंद मात्र पैशाला पैसा जुळतो.

‘‘एका दरवाजाचं काय घेऊन बसलात? चित्र म्हणून बघा की,’’ मित्र म्हणाले.

चित्र म्हणून बघायला माझी ना नाही. कुंचल्याने काढलं असतं तर आठ दरवाजेही चालवून घेतले असते. पण भर पावसाळ्यात पूर्णेच्या काठी ‘किती दारं उघडली?’ हा प्रश्न चित्रकलेचा नसतो. आकडा वाढला की जनावरं वर न्यायची असतात. असेच एक खालच्या गावचे आजोबा पीककर्जासाठी आले होते. बसल्याबसल्या त्यांचं बोट हवेत हलू लागलं.

‘‘सायेब, एक दार कमी हाय की.’’

‘‘जोडात गेलं, आजोबा,’’ मित्र म्हणाले.

‘‘जोडात कसं जाईल? तेवढं पानी कुठून सोडत्यात मग?’’

कर्जविभागाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा आक्षेप धरणाच्या माथ्याबद्दल. तो प्रत्यक्षात सरळ. फोटोत मध्ये उंच, दोन्ही टोकांना उतरलेला, ताणलेल्या धनुष्यासारखा. ‘‘कमानीचं धरण वाटतं?’’ असं ऑडिटला आलेल्या साहेबांनीही विचारलं. केरळातलं इडुक्की खरोखरच कमानीचं आहे. पाण्याचा रेटा ते दोन्ही बाजूंच्या खडकांवर ढकलतं. येलदरी आपल्या वजनावर पाणी अडवून बसलेलं. म्हणजे फोटोने धरणाची जातच बदलली! मूळ पॅनोरमात हा घोटाळा नव्हता. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली पेटंट घेतलं, त्यात चित्र गोल भिंतीवर आणि प्रेक्षक मधोमध उभा. मधून बघितलं की रेघा सरळ दिसतात. आपण तो गोल उलगडून सपाट भिंतीवर टांगतो आणि मग रेघा वाकल्या म्हणून रडतो. फोटो वाटोळा करून आत डोकं घालून बघावा, हा एक उपाय आहे. खुर्चीमागच्या फोटोसाठी तो मॅनेजरसाहेबांना सुचवण्याचं धैर्य मला झालं नाही. त्यापेक्षा मागे सरकून, मोजकाच भाग घेऊन, सपाट पद्धतीने जोडावं. टोकं थोडी ताणली जातात, पण सरळ ते सरळ राहतं.

पुढचा लोखंडी कठडा दोन ठिकाणी तुटला आहे, त्याबद्दल फार लिहीत नाही. भिंगात प्रकाश जिथून शिरताना दिसतो, त्या बिंदूभोवती कॅमेरा फिरवायचा असतो. मित्र स्वतःभोवती फिरले. लांबच्या धरणाला ते कळलं नाही, जवळच्या कठड्याला कळलं.

मित्र मनाने मोठे. पुढच्याच रविवारी तिपाई घेऊन पुन्हा येलदरीला गेले. या खेपेला एकेका खांबावरचा ओलीचा डाग, पोपडा, गंजाचा ओघळ हेरून जोडाच्या खुणा त्यांनी हाताने दिल्या. नवीन प्रत कालच लागली. मोजली. दरवाजे दहा, माथा सरळ, कठडा धड. फक्त मित्रांबरोबर गेलेले आमचे शिपाईमामा दोनदा आले आहेत, कॅमेरा फिरत असताना तेही डावीकडून उजवीकडे निघाल्यामुळे. पहिल्या जागी त्यांच्या हातात डबा आहे, दुसऱ्या जागी नाही. डब्याची चौकशी चालू आहे.