घरगुती कारणास्तव

नोकरी सोडण्याच्या अर्जात लिहायचे एक ठरलेले वाक्य आहे : ‘घरगुती कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.’ या दोन शब्दांच्या आड लग्न, बाळंतपण, भाऊबंदकी, काहीही असू शकते. नवऱ्याचा किंवा बायकोचा असा आजारही असू शकतो, की ज्यात दुसऱ्याला चोवीस तास घरीच राहावे लागते. आपल्या मुस्लिम मराठी साहित्यात तलाक आला, दंगल आली, गरिबी आली, मोहल्ला आला. जोडीदाराच्या उशाशी बसण्यासाठी हातची नोकरी सोडणारे माणूस मात्र आमच्या वाचनात जवळजवळ आलेले नाही. असे माणूस आपल्या समाजात नाही, असे कोण म्हणेल?

उर्दूत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. अयादत आणि तीमारदारी. अयादत म्हणजे आजाऱ्याला भेटून येणे : चार मोसंबी, दोन दुआ, अर्धा तास. तीमारदारी म्हणजे उरलेले साडेतेवीस तास. मराठीतल्या ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे, हे कळले तेव्हा आम्हाला फार आवडले. पण आमच्या कथा-कवितांत अयादतच जास्त. गालिबने एका गझलेत अशा जागी जाऊन राहण्याची इच्छा धरली आहे, की जिथे आजारी पडले तरी तीमारदार कोणी नसावा. तिथेही बोलतो तो आजारी पडणाराच. तीमारदाराच्या मनात काय चालले आहे, हा सवाल आपल्या परंपरेत फारसा उठत नाही.

राजिंदर सिंह बेदी यांची ‘अपने दुख मुझे दे दो’ ही कथा इथे आठवते. इंदू लग्नाच्या रात्रीच नवऱ्याकडे त्याची दुःखे मागून घेते आणि मग घरभराचे ओझे उचलते. या कथेवरची चर्चा जेव्हा जेव्हा कानांवर आली, तेव्हा बोलणारे इंदूच्या त्यागावर फिदा होते. बेदी मात्र इतके भोळे नाहीत. या देवाणघेवाणीत इंदूच्या स्वतःच्या वाट्याला काय उरले, हे ते शेवटी वाचकापुढे ठेवतातच. आपण त्यागापाशी थांबतो आणि तो शेवट विसरतो.

या विषयावरचे सरळ पुस्तक शोधताना आम्हाला दूर अमेरिकेत जावे लागले. रॉबर्टसन मॅकक्विल्किन हे दक्षिण कॅरोलिनातल्या कोलंबिया इथल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाचे अध्यक्ष. पत्नी म्युरिएल यांना पन्नाशीच्या मध्यावर अल्झायमर झाला. काही वर्षे त्यांनी नोकरी आणि घर दोन्ही ओढले आणि 1990 साली पद सोडले. ‘अ प्रॉमिस केप्ट’ हे त्यांचे छोटे पुस्तक 1998 मध्ये आले. म्युरिएल 2003 मध्ये वारल्या, तोपर्यंत हे गृहस्थ त्यांचे खाणेपिणे, आंघोळ, कपडे पाहत राहिले.

पुस्तकातला एक प्रसंग विसरता येत नाही. पती कामावर गेले की म्युरिएल घाबऱ्या होत आणि त्यांच्यामागे महाविद्यालयाकडे चालत सुटत. अर्धा मैल जायचे, तेवढेच परत यायचे. एका दिवसात दहा दहा खेपा. रात्री कपडे बदलताना पतीला त्यांचे रक्ताळलेले पाय दिसत. राजीनाम्याचे कारण लेखकाने या पायांत शोधले आहे, म्हणून ते पटते. लग्नातल्या वचनाची गोष्ट ते सांगतात. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की हिने इतकी वर्षे माझे केले, आता पाळी माझी. नैतिक उपदेशापेक्षा हा ‘पाळी’चा हिशेब आम्हाला जास्त खरा वाटला.

तरीही पुस्तक वाचून आमचे समाधान झाले नाही. एक तर म्युरिएल त्यात फक्त दिसतात, बोलत नाहीत. दुसरे, लेखक फार लवकर शांत होतो. इतकी वर्षे एका बिछान्याभोवती फिरणारा माणूस चिडत नाही का? लेखक एका डॉक्टरांचे मत नोंदवतो, की आजारी नवऱ्याजवळ बायका बहुधा राहतात, आजारी बायकोजवळ नवरे क्वचितच. या वाक्यावर खरे तर अख्खे पुस्तक उभे राहिले असते. पुरुषाने नोकरी सोडली तर भाषण होते, पुस्तक निघते, देशोदेशी नाव होते. बाईने सोडली तर? आमच्या एका सहशिक्षिकेने पतीच्या डायलिसिससाठी राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा दवाखाना, दर वेळी चार तास सुईखाली, जाणे-येणे वेगळे, पाण्याचा घोट मोजून द्यायचा. निरोपसमारंभात तिला शाल मिळाली आणि वक्त्यांनी सांगितले, की बाई आता आराम करणार.

चिडणारा नवरा भेटतो तो जॉन बेली यांच्या पुस्तकात. आयरिस मर्डॉक ही इंग्रजीतली मोठी कादंबरीकार, 1978 चे बुकर पारितोषिक मिळवलेली. तिला अल्झायमर असल्याचे 1997 मध्ये निश्चित झाले. बेली ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, पण तोवर निवृत्त झाले होते. म्हणजे राजीनाम्याचा पेच त्यांना पडला नाही. ते ओरडतात, वैतागतात, स्वतःची लाज वाटून घेतात आणि पुन्हा तिच्या शेजारी बसून टीव्हीवर तान्ह्या मुलांसाठीचा ‘टेलिटबीज’ पाहतात. साहित्य म्हणून हे पुस्तक आम्ही वरचे मानतो. मात्र ते 1998 मध्ये आले, तेव्हा आयरिस जिवंत होती. 1999 च्या फेब्रुवारीत ती गेली. आपल्या दुबळेपणाचे हे वर्णन छापू द्यायचे की नाही, हे सांगण्याच्या अवस्थेत ती नव्हती. पडदा या शब्दाचा आपण एकच अर्थ घेऊन बसलो आहोत. आजाऱ्याचाही पडदा असतो आणि तीमारदाराने लेखणी उचलली की तो हलतो. बेलींनी लिहायला नको होते असे आम्ही म्हणणार नाही, पण वाचताना अवघडल्यासारखे होते हे खरे.

आपल्या वाचकांना यासाठी परक्या पुस्तकांचीच गरज आहे असेही नाही. हिजरी 2, म्हणजे इ.स. 624. बद्रची लढाई. हजरत उस्मान (रजि.) लढाईला गेले नाहीत. पत्नी हजरत रुकय्या (रजि.) आजारी होत्या आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच त्यांना मदिनेत थांबायला सांगितले. इतकेच नाही, लढणाऱ्यांबरोबरचा सवाब आणि हिस्साही त्यांना मिळाला. विजयाची खबर मदिनेत आली त्या सुमारास रुकय्या (रजि.) यांचे निधन झाले होते. मीलादच्या जलशांत बद्र सांगितली जाते ती तलवारीची. मागे राहिलेल्या नवऱ्याची बद्र आम्ही फार थोड्यांदा ऐकली. शिक्षकी भाषेत सांगायचे तर ही भरपगारी रजा होती! 2018 साली महाराष्ट्र शासनाने महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुषालाही ती मिळते. पण नाव नीट वाचा : बालसंगोपन. रजा मुलांसाठी आहे, अंथरुणातल्या बायकोसाठी नाही.

आणि ज्यांना नोकरी सोडण्याची चैनच परवडत नाही, त्यांचे काय? मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ आम्ही पुन्हा वाचले ते या प्रश्नासाठी. हमीद दलवाईंचे विचार आपल्यापैकी अनेकांना मान्य नाहीत, आमचेही सगळ्याच ठिकाणी जुळते असे नाही. पण हे पुस्तक त्या वादाच्या खिडकीतूनच पाहिले गेले, हे त्याच्यावर अन्यायाचे झाले. हमीदभाई चळवळीत, घर चालते ते मेहरुन्निसाबाईंच्या पगारावर. मग मूत्रपिंडाचा विकार जडला आणि 3 मे 1977 रोजी, वयाच्या 44 व्या वर्षी ते गेले. अशा घरात पगार सोडून उशाशी बसणे म्हणजे आजाऱ्याच्या औषधावरच घाव घालणे. मॅकक्विल्किन यांच्या पुस्तकात हा पेच नाही. आपल्या दहातल्या नऊ घरांत तो पहिला असेल.

समीक्षकांनी या शीर्षकात कृतार्थता वाचली. ती आहेच. पण व्यवहारात ‘भरून पावलो’ हे पावतीवरचे शब्द आहेत : रक्कम पूर्ण मिळाली, बाकी काही नाही. एका कमावत्या बाईने आपल्या संसाराच्या पुस्तकाला हे नाव दिले, तेव्हा तिच्या मनात हा दुसरा अर्थ होता की नाही, ते पुस्तकाच्या आधारे कोणीतरी तपासायला हवे. त्यासाठी त्यातली आजारपणाची पाने वेगळी काढून, चळवळीच्या पानांइतक्याच बारकाईने वाचावी लागतील.