पाटल्या मोडून पातेली

फुटबॉलचं आणि माझं नातं चुलत-चुलतच. पण बँकेत वीस वर्षं आकडे जुळवलेल्या माणसाला जगातली कुठलीही गोष्ट ‘जमा’ आणि ‘नावे’ अशा दोन रकान्यांतच दिसते. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने आपला हॅरी केन म्युनिकच्या बायर्नला विकला, तेव्हा मी चष्मा पुसून बसलो.

‘विकायला नको होता’ या पक्षाचं म्हणणं साधं. आपल्याच अंगणात वाढलेलं पोर, क्लबासाठी २८० गोल केलेले, जिमी ग्रीव्ह्जचा २६६ गोलांचा जुना विक्रम मोडलेला. असलं पोर कोणी विकतं का?

‘विकावाच’ या पक्षाकडे मात्र कॉमर्स आहे. केनने तिशी गाठलेली, करार संपायला एकच वर्ष. नंतर तो फुकट गेला असता. म्हणजे मुदत संपल्यावर मुद्दलच शेजाऱ्याच्या खात्यात जाणारी ठेव! शिवाय विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकतात. घरच्या पोराची पुस्तकी किंमत शून्य. आलेला पैसा सगळा नफा! बी. कॉम.चं पोरगंही डोळे मिटून ‘विका’ असं उत्तर लिहील.

मीही तेच लिहीन. माझा आक्षेप विकण्याला नाही, पिशवी घेऊन बाजारात जाण्याला आहे. याच क्लबाने २०१३ साली गॅरेथ बेल माद्रिदला विकला आणि त्या पैशांच्या भरवशावर सात खेळाडू आणले. त्यातला एरिक्सन अस्सल पितळेचा निघाला. बाकी बहुतेकांना लवकरच पोचे पडले. हे ऐकून आमची सौ. म्हणाली, “अहो, पाटल्या मोडायच्या तर घर बांधायला मोडाव्यात. पातेली आणायला कोणी मोडतं का?” या विषयावर इतकी नेमकी टीका मी क्रीडापानावर वाचलेली नाही.

बरं, निकाल तरी लागावा! पहिल्या वर्षी केनने जर्मन लीगमध्ये ३६ गोल केले आणि बायर्नला एकही चषक मिळाला नाही. मे २०२५ मध्ये केनला लीगचं विजेतेपद मिळालं. त्याच महिन्यात टॉटनहॅमने त्याच्याशिवाय मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकली. सतरा वर्षांनी चषक! पण घरच्या लीगमध्ये वीस संघांत सतरावा नंबर, आणि जूनमध्ये प्रशिक्षकाला नारळ. आता हे जमेला धरायचं की नावे टाकायचं?

तेव्हा माझा शेरा असा : विका, जरूर विका. फक्त त्याला निव्वळ नफा म्हणू नका. कुठल्याशा पोराने हट्ट करून केनच्या नावाचा सदरा घेतलेला असतो. त्याचीही पुस्तकी किंमत शून्यच. पण ते पोर तो सदरा रद्दीत घालत नाही, घडी करून कपाटात ठेवतं. ही घडी ताळेबंदात कुठे दाखवायची, ते मला कॉमर्सच्या कुठल्याही प्राध्यापकांनी शिकवलेलं नाही.