गर्भहत्यानिषेधाची परंपरा व 'एवान्गेलियुम वीते'

रोमन कॅथॉलिक धर्मपीठाचे पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ता. २५ मार्च १९९५ रोजीं 'एवान्गेलियुम वीते', म्हणजे जीवनाची सुवार्ता, या नांवाचें परिपत्र प्रसिद्ध केलें. बुद्धिपुरःसर केलेला गर्भपात हा निरपराध मनुष्याचा वध असून तो सर्वथा निषिद्ध होय, असा त्यांतील निर्णय आहे. तो धर्मदृष्ट्या ग्राह्य कीं अग्राह्य हें सांगणें आमचें काम नव्हे. परंतु त्याच्या ६१ व्या परिच्छेदांत एक ऐतिहासिक विधान आहे. हा निषेध आरंभापासून आजतागायत एकमुखानें चालत आला आहे व गर्भांत जीव केव्हां संचारतो याविषयींच्या वादांनीं त्यांत कधींही चलबिचल झाली नाहीं, असें तें विधान. तें साधनांच्या कसोटीवर घासून पाहण्याचा अधिकार आमच्यासारख्यांस खास पोंचतो.

प्रथम सर्वांत जुना पुरावा घेऊं. परिपत्राच्या ५४ व्या परिच्छेदांत 'दिदाखे' म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण या ग्रंथाचा आधार घेतला आहे. हा ग्रंथ सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या आरंभींचा मानतात. त्यांत गर्भपाताचा नांव घेऊन निषेध आहे. पण ह्याची संपूर्ण ग्रीक पोथी काय ती एकच. फिलोथेओस ब्रिएन्निओस या विद्वान धर्माध्यक्षास ती १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडली व १८८३ सालीं तिच्यावरून ग्रंथ छापला गेला. लेखकानें पुष्पिकेंत आपणांस लेऑन, नोटरी व पापी, असें म्हणवून घेऊन समाप्तीचा काल दिला आहे, तो इ. स. १०५६ च्या जून महिन्याचा. (आपल्याकडील पोथ्यांच्या लेखकांचा विनय वाचकांस आठवेलच.) मूळ ग्रंथ व प्रत यांत साडेनऊशें वर्षांचें अंतर पडलें, तेव्हां हें वाक्य प्रक्षिप्त असेल अशी शंका कोणासही येईल. ती टिकत नाहीं. 'बर्नाबाचें पत्र' म्हणून जो दुसरा जुना ग्रंथ आहे त्यांत हाच निषेध जवळजवळ त्याच शब्दांत आहे, आणि तें पत्र चौथ्या शतकांतील सिनाइ पोथींत मिळतें. निराळ्या वाटांनीं उतरलेल्या दोन ग्रंथांत एकच पाठ असल्यावर आणखी काय पाहिजे? येथें परिपत्राचा पाया पक्का आहे.

खरी अडचण पुढें आहे, व ती एका पाठभेदांतून उद्भवली आहे. 'निर्गम' ग्रंथाच्या २१ व्या अध्यायांत, दोन पुरुषांच्या मारामारींत गर्भिणीस धक्का लागून गर्भ पडला तर काय दंड, हें सांगितलें आहे. हिब्रू पाठांत 'आसोन' म्हणजे इजा न झाल्यास द्रव्यदंड व झाल्यास जिवास जीव, असा भेद आहे. ग्रीक भाषांतरकारांनीं मात्र तेथें गर्भ आकृतीस आलेला आहे कीं नाहीं, असा भेद केला. जेरोमनें लॅटिन भाषांतर करतांना हिब्रूचा अनुसरण केला. पण त्यापूर्वींचीं लॅटिन भाषांतरें ग्रीकावरून झालेलीं होतीं व ऑगस्टिनपुढें तोच पाठ होता. त्याचें विवेचन ग्रेशियननें सुमारें ११४० सालीं आपल्या धर्मविधिसंग्रहांत घेतलें. पुरुषगर्भ चाळिसाव्या व स्त्रीगर्भ नव्वदाव्या दिवसाच्या सुमारास हलतो हें ॲरिस्टॉटलचें मत त्यास येऊन मिळालें. अशा रीतीनें भाषांतरकारांच्या एका शब्दावर शिक्षेची इमारत कित्येक शतकें उभी राहिली. पूर्वेकडील बासिल यानें चौथ्या शतकांतच असली सूक्ष्म चौकशी आपण करीत नाहीं, असें साफ लिहून ठेवलें होतें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां आज्ञापत्रें पहा. पांचवे सिक्स्टस यांनीं १५८८ सालीं हा भेद मोडून सर्व गर्भपातास मनुष्यवधाच्या शिक्षा लावल्या. तीन वर्षें होतात न होतात तोंच, १५९१ सालीं, चौदावे ग्रेगरी यांनीं त्या शिक्षा जीवसंचार झालेल्या गर्भापुरत्या मर्यादित केल्या. ही स्थिति नववे पायस यांच्या १८६९ सालच्या आज्ञापत्रापर्यंत राहिली. त्यांत भेद गळला, व १९१७ च्या धर्मसंहितेंत तेंच कायम झालें. ह्यावरून, १८६९ पर्यंत चर्चनें गर्भपातास मोकळीक दिली होती, असें लिहिणारे लोक आहेत. हें शुद्ध अज्ञान होय. निषेध निराळा व प्रायश्चित्ताचें तारतम्य निराळें, हें धर्मशास्त्राच्या पहिल्या पाठांतलें आहे. प्रायश्चित्त हलकें झालें म्हणजे कर्म विहित झालें असें होत नाहीं.

परंतु परिपत्रासही दोष दिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. निषेध अखंड होता हें सिद्ध आहे. प्रत्येक गर्भपातास 'वध' ही संज्ञा मात्र अखंड नव्हती. परिपत्राचा निर्णय तर त्या संज्ञेवर उभा आहे. असें असतां ६२ व्या परिच्छेदांत हा सारा इतिहास शिक्षा कमीअधिक कडक होत्या एवढ्या शब्दांत गुंडाळला आहे. याच धर्मपीठाच्या १९७४ सालच्या घोषणापत्रांत, मध्ययुगांत पापाच्या मापनांत व शिक्षेंत भेद केला जात असे, ही कबुली स्वच्छ दिली होती. ती येथें कां वगळली?

वगळण्याची गरजही नव्हती. गर्भ मनुष्य असण्याचा नुसता संभव असला तरी त्यास मारूं नये, हा ६० व्या परिच्छेदांतील युक्तिवाद जीवसंचाराच्या कालावर मुळींच अवलंबून नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत अविज्ञात गर्भाच्या हत्येस ब्रह्महत्येचेंच व्रत सांगितलें आहे. टीकाकार अविज्ञात म्हणजे स्त्री कीं पुरुष हें न कळलेला, असा अर्थ करतात. संशयाचा विषय तेथें निराळा, व ती समजूत आज कोणी मानणार नाहीं. तथापि संशयाचा भार मारणाऱ्यावर टाकण्याची रीत तीच. ग्रीक पाठानें अपुरेपणाचा फायदा मारणाऱ्यास दिला होता. १५९१ हें साल उघड मांडून मग हा युक्तिवाद केला असता, तर ६१ व्या परिच्छेदांतील विधानास आम्हीं निःशंकपणें संमति दिली असती.