भिंगाचा दोष, चित्राचा गुण

गेल्या दिवाळीत आमच्या आत्याबाईंनी वाईचा वाडा कायमचा सोडला. निघण्यापूर्वी अंगणात पाटावर बसवून मी त्यांचे छायाचित्र काढले. मागे चार पावलांवर तुळशीवृंदावन होते. ह्या कामासाठी मी मुद्दाम एक जुनी रशियन लेन्स विकत घेतली होती. पंधरा दिवसांनी छापून आणलेले चित्र आत्याबाईंनी डोळ्यांजवळ धरले आणि विचारले, “मी झकास दिसत्ये रे, पण माझं वृंदावन कुठं गेलं?” वृंदावन आणि त्यामागचा पारिजातक यांचा मिळून एक हिरवा भोवरा झाला होता!

फिल्मच्या काळातील लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसविण्याची हौस हल्ली बरीच बोकाळली आहे. ह्या हौशी मंडळींचा सिद्धान्त असा, की नव्या लेन्स निर्दोष, म्हणून निर्जीव. जुन्यांना मात्र व्यक्तिमत्त्व असते. आत्याबाईंच्या प्रश्नापुढे हा सिद्धान्त टिकतो काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

माझी लेन्स हेलिऑस ४४-२. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्याने नावारूपास आणलेली. तिचे मूळ मात्र जर्मन. झाइसच्या युद्धपूर्व बायोटार ५८ मिलिमीटर लेन्सवरून तिची रचना घेतलेली आहे. म्हणजे ती स्वतःच एक रूपांतर! तिला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे असतात आणि तिची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असावी लागते. सोनीच्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिलिमीटर. तेव्हा मधले २७.४६ मिलिमीटर एका पोकळ कड्याने भरून काढले, की काम झाले. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात मुळातच ४६.५ मिलिमीटर अंतर. तिथे लेन्स हवी त्याहून पुढे राहते आणि साध्या कड्याने दूरचा डोंगर काही स्पष्ट होत नाही.

भोवऱ्याचे कारणही साधे आहे. छिद्र पूर्ण उघडे असताना कडेने तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीच्या काठांवर अडतात. त्यामुळे मागच्या पानांतून डोकावणारे प्रकाशाचे ठिपके मध्यभागी गोल राहतात. कडेला मात्र बदामासारखे चपटे होऊन फेर धरल्यासारखे दिसतात. छिद्र ८ वर आणले असते तर तो फेर थांबला असता. मी आणले नाही. कारण मला आत्याबाईंपेक्षा लेन्सचे व्यक्तिमत्त्व दाखवायचे होते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. स्टॅन्ले क्युब्रिक यांच्या १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’ ह्या चित्रपटाची कथा अठराव्या शतकातली. रात्रीच्या दिवाणखान्यांत त्यांना मेणबत्त्यांचाच उजेड हवा होता. त्यासाठी त्यांनी नासाकरिता घडविलेली झाइसची ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स मिळविली. ती जुनी नव्हे, पण परक्या कामाची; प्रश्न रूपांतराचाच होता. तिचे मागचे भिंग फिल्मच्या इतके जवळ यावे लागे, की एड डिजुलिओ यांना मिचेल कॅमेऱ्याचे पोटच कोरून काढावे लागले. पुढे त्या कॅमेऱ्यावर दुसरी लेन्स बसेना. शिवाय स्पष्टतेचा पट्टा इतका अरुंद, की नटांना फारसे हलताच येत नसे. दोषच हा! परंतु त्या काळच्या उमरावांचा थिजलेला डौल ह्याच दोषामुळे पडद्यावर खरा वाटतो.

कादंबरीत एखादा जुना शब्द घालताना मी स्वतःला विचारतो, की हे पात्र असे बोलेल काय? केवळ जुना म्हणून घातलेला शब्द भातातल्या खड्यासारखा दाताखाली येतो. लेन्सचेही तसेच. विषयाने मागितला तर दोषाचा गुण होतो. हौसेने लादला तर तो दोषच राहतो. व्यक्तिमत्त्व चित्राला हवे, आणि ते चित्रातल्या माणसाकडून यावे.

ज्यांना अशी लेन्स घ्यायची असेल त्यांनी खुशाल घ्यावी. मात्र विजेरीचा झोत आरपार टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. आपल्या पावसाळ्यात ते झपाट्याने पसरते. आणि छिद्र उघडे ठेवून एक चित्र काढले, तर लहान करून दुसरेही काढावे.

वाईचा वाडा आता पाडला गेला आहे. आत्याबाईंनी ते चित्र चौकटीत घालून भिंतीवर लावले आहे. आल्यागेल्याला त्या हिरव्या भोवऱ्यावर बोट ठेवून त्या सांगतात, “इथं माझं वृंदावन होतं.” त्या वेळी मी तिथे नसलेला बरा.