‘जिणं आमुचं’मधील सासुरवास आणि लेखिकेचे मौन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. संत ज्ञानेश्वरांची पालखी लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावमार्गे ज्या फलटणला पोहोचते, तेथे लेखिकेचे संसारी आयुष्य गेले. जवळच्या निंबुरे येथे त्यांनी आश्रमशाळा काढली. ‘स्त्री’ मासिकातून १९८२ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेले हे लेखन १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. महार समाजजीवनाचा दस्तऐवज म्हणून समीक्षेने त्याची दखल घेतली. मात्र कौटुंबिक हिंसा कशी रोखावी, या प्रश्नाच्या अंगानेही हा ग्रंथ वाचता येतो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

हिंसेचे चित्रण व तिची मीमांसा :
आठ-दहा वर्षांची मुलगी सासरी येते. भाकरी नीट थापता आली नाही म्हणून सासू तिचा उद्धार करते, मुलाचे कान भरते आणि मुलगा बायकोला झोडपतो. जाच असह्य होऊन ती माहेरी पळाली, तर बाप-भाऊच तिला पुन्हा सासरी आणून घालतात. पळणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकविला जाई आणि संशयावरून नाक कापण्यापर्यंत मजल जाई. हे सारे लेखिका कोणताही आडपडदा न ठेवता सांगते.

या हिंसेची तिने केलेली मीमांसा मूलगामी आहे. गावाने ज्यांना गुलाम केले, त्यांनाही कोणावर तरी सत्ता गाजवावीशी वाटली आणि त्यासाठी त्यांना घरची सून सापडली. सासू ही केवळ दुष्ट नाही. काल जिने सोसले, तीच आज सोसायला लावते. त्यामुळे हे चित्रण व्यक्तीवर ठपका न ठेवता हिंसेची साखळी उघड करते.

मीमांसेची मर्यादा :
तथापि या मीमांसेत एक गृहीतक दडलेले आहे. अज्ञान व गुलामी हे हिंसेचे मूळ असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांनी जागृती आल्यावर ती ओसरावयास हवी. लेखिकेचे स्वतःचे जीवन मात्र वेगळी साक्ष देते. २००८ मध्ये माया पंडित यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत पतीच्या संशयी स्वभावाचा व मारहाणीचा उल्लेख लेखिकेने केला आहे. दुकानात बसून लिहिलेली पाने तिने सुमारे वीस वर्षे घरच्यांच्या नजरेआड लपवून ठेवली होती. म्हणजेच जागृत झालेल्या, स्वतःचा व्यवसाय असलेल्या घरातही हिंसा टिकून होती. ग्रंथात मात्र तिला जागा मिळाली नाही.

या मौनाचे कारण शीर्षकातील ‘आमुचं’ या शब्दात शोधता येते. सगळ्याच बायकांनी जे सोसले, त्यात स्वतःचे वेगळे काय सांगायचे, अशी लेखिकेची भूमिका दिसते. ‘आम्ही’ म्हणताना धाडस मिळते. परंतु त्याच शब्दाआड ‘मी’ला लपताही येते. समाजाचे दुःख सांगणे गौरवाचे ठरते, स्वतःच्या घराचे सांगणे मात्र घर चव्हाट्यावर आणणे ठरते. इतक्या निर्भीड लेखिकेलाही हे बंधन तोडता आले नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

कायद्याच्या संदर्भात :
कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक छळ त्याने हिंसा मानला आणि सामायिक घरात राहण्याचा हक्क, संरक्षण आदेश, निर्वाह खर्च व निवारागृह यांची तरतूद केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा खटल्यात प्रतिवादीच्या व्याख्येतील ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द रद्द केले. ग्रंथातील सासूचे चित्रण पाहता या निर्णयाचे महत्त्व सहज ध्यानात येते. परंतु दाद मागण्यासाठी अखेर ‘माझ्या घरात’ असे म्हणावे लागते. पीडितेच्या वतीने दुसऱ्या कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देता येते, ही कायद्यातील सोय म्हणूनच मोलाची आहे. शेजारी, शिक्षक व आशा कार्यकर्ती यांनी पुढाकार घेतल्यास ‘आम्ही’ हा शब्द लपण्याची जागा न राहता आधार ठरू शकतो.

निष्कर्ष :
१. ‘जिणं आमुचं’ कौटुंबिक हिंसेचे सामाजिक मूळ प्रभावीपणे दाखविते. परंतु जागृतीनंतरही टिकणाऱ्या हिंसेचे उत्तर त्यात मिळत नाही.
२. लेखिकेचे मौन हे केवळ ग्रंथाचे न्यून नव्हे. हिंसेचा धाक कोठवर पोहोचतो, याचा तो पुरावा आहे.
३. केवळ प्रबोधनाने हिंसा थांबत नाही. पळून आलेल्या मुलीला परत न पाठविणारे माहेर, हातात पैसा आणि तिच्या वतीने बोलणारा माणूस यांची जोड त्याला हवी. वर्गात हा ग्रंथ शिकविताना त्यातील खोड्याबरोबरच त्यात न आलेल्या घराविषयीही बोलले जाणे आवश्यक आहे.